अर्धी टाइल इथे, अर्धी फोशानला

उम्म अल कुवैनच्या त्या मजलिसमध्ये पाऊल टाकल्याबरोबर मला ती रेघ दिसली. मजलिस म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठकीची खोली. खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळसोट रेघ. कोणी आखलेली नव्हती. रेघेच्या अलीकडची फरशी पांढरी होती आणि पलीकडची पिवळट. दोन्हीकडच्या टाइल्स आमच्याच कंपनीने दिलेल्या, एकाच नंबरच्या, चीनमधल्या फोशानच्या एकाच कारखान्यातून आलेल्या.

घरमालक अमिराती, साठीच्या पुढचे, बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. ते नुसते त्या रेघेवर उभे राहिले, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे, आणि आमच्या साहेबांना म्हणाले, की रमजान जवळ आलाय, रोज संध्याकाळी इथे माणसं जमिनीवर बसून रोजा सोडणार, आणि खाली बसलेला माणूस खालीच बघतो. मग इन्शाल्ला म्हणाले आणि आमच्यासाठी चहा मागवला. साहेबांनी तो उभ्याउभ्याच घशाखाली घातला.

साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. मूळचे कोल्हापूरकडचे. पंचविशीत इथे आले ते फरशी बसवणाऱ्यांवर सुपरवायझर म्हणून, आणि आता उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं स्वतःचं टाइल्सचं गोडाऊन आहे. मी त्यांच्याकडे क्वालिटी बघते. रोज दुबईतल्या करामाहून गाडी हाणत जाते, रोज परत येते. माणूस वाईट नाही, पण नाकावर राग, आणि राग आला की जिभेला हाड राहत नाही. माझंही तेच आहे. त्यामुळे इतकी वर्षं आमचं जमलं, किंवा जमलं नाही तरी टिकलं म्हणू.

परत जाताना गाडीत ते एकच वाक्य घोळवत होते. चायना म्हणजे शेवटी चायना. सँपल एक दाखवतात, माल दुसरा पाठवतात. मी म्हटलं, साहेब, आपण वीस वर्षं त्यांच्याच मालावर जेवतोय. ते म्हणाले, ताई, वकिली नको. गुरुवारी बारा वाजायच्या आत त्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांना तक्रारीचं पत्र गेलं पाहिजे, की त्यांच्या एक्स्पोर्टवाल्या बाईने शेड चुकवली. पत्रावर खाली माझी सही हवी, कारण क्वालिटी माझ्याकडे. उद्या बघू म्हणून मी ते टाळलं.

कारण ते पत्र गेलं, की तिची नोकरी गेली. हे मला ठाऊक होतं आणि साहेबांनाही ठाऊक होतं.

ती म्हणजे फोशानमधली बाई, आमच्या ऑर्डरी सांभाळणारी. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला जिएजिए म्हणते, म्हणजे ताई. तिचा कारखाना फोशान शहरातून उठत होता. धूर नको, भट्ट्या नकोत, असं शहराने ठरवलं होतं, आणि कारखान्याने लांब शेजारच्या प्रांतातल्या डोंगरात नवी जागा घेतली होती. चिनी नववर्षाच्या सुट्टीला जुनी भट्टी बंद होणार ती कायमची. नव्या जागी सगळ्यांना नेणार नव्हते. कोणाला न्यायचं ते याच गुरुवारी संध्याकाळी ठरणार होतं, आणि मोठ्या साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, की दुबईवाल्यांची लेखी तक्रार आली तर नव्या जागी येणाऱ्यांत स्वतःला धरू नकोस. तिच्या वडिलांची सगळी हयात भट्टीवर गेली. धूळ फुप्फुसात बसलीय, दोन वाक्यं बोलले की थांबतात. त्यांचं औषधपाणी तिच्या पगारावर चालतं.

मी फोशानला पाच वेळा गेलेय. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याही डोक्यात साहेबांचंच चायना होतं. स्वस्त, भरमसाट, उद्या फुटणारं. विमानतळावर ही घ्यायला आली होती, हातात माझ्या नावाचा कागद उलटा धरून. पहिल्या दिवशी तिने मला टाइल्सचं शोरूम दाखवलं. शोरूम कसलं, अख्खा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या पलीकडे तसाच दुसरा रस्ता. जगात जिथे म्हणून कोणी बाथरूम बांधतंय, तिथली फरशी इथून निघालेली असणार, असं मला वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी मी कुरकुरले, की शहर कुठेय? मला हे सगळं गोडाऊनच दिसतंय. ती हसली नाही. सुट्टी टाकून मला तिच्या मोहल्ल्यात घेऊन गेली.

तिथे डोंगरावर चढत गेलेली एक लांबलचक जुनी भट्टी आहे. तिला ते ड्रॅगन म्हणतात. खाली तोंड, वर शेपूट, आणि अंगभर सरपण टाकायची भोकं. त्या भट्टीतला विस्तव शेकडो वर्षांत विझलेला नाही असं तिथली माणसं छातीठोकपणे सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण मी हात लावला तेव्हा वीट गरम होती. तिचे आजोबा त्या भट्टीवर होते. तेव्हा तिथे रांजण भाजायचे, आणि देवळांच्या छपरांवर बसवायची मातीची माणसं, मासे, कोंबडे. त्याच्याही आधी हे गाव लोखंडाचं. कढया, घंटा, नांगराचे फाळ इथेच ओतायचे आणि नदीतून दूरवर पाठवायचे. फोशान म्हणजे बुद्धाचा डोंगर. नाव देवाचं आणि धंदा विस्तवाचा, असं तीच म्हणाली.

वडिलांच्या वेळी सरकारी कारखाना आला. मग देशाची दारं उघडली, इटलीहून मशिनं आली, आणि रांजणवाल्यांची पोरं फरशी भाजायला लागली. धुराड्यांवर धुराडी चढली. ती शाळेत जायची तेव्हा दोरीवर वाळत घातलेला युनिफॉर्म संध्याकाळी करडा व्हायचा. आता आकाश निळं आहे, नदीकाठी फिरायला जागा केलीय, मेट्रो आहे, आणि कारखाने एकेक करून डोंगरात चाललेत. तिला मी विचारलं, बरं नाही का झालं? ती म्हणाली, बरं झालं, पण बाबा सकाळी उठून आधी धूर कुठे दिसतो ते शोधतात.

हे ऐकलं आणि मला माझे बाबाच दिसले. मी चिंचवडची. बाबा कंपनीत लेथवर होते, आणि आमच्या घरात घड्याळ नव्हे, कंपनीचा भोंगा वेळ सांगायचा. कंपनी बंद पडली त्यालाही आता किती वर्षं झाली, तिथे मॉल उभा आहे, पण साडेतीनला बाबा आजही मान वर करतात. मी हे तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने मला एका दुकानात नेऊन दुधाचं काहीतरी खाऊ घातलं. वर दोन साया धरलेलं, थंडगार, थेट आपला खरवस. मी शाकाहारी, तिथे उपाशी मरायची पाळी आली होती. पुढचे तीन दिवस मी त्याच खरवसावर काढले, आणि तेव्हापासून ती माझी झाली. साहेब चायना म्हणतात तेव्हा मला राग येतो तो यामुळे.

आता त्या टाइलची गोष्ट. आमच्या धंद्यात शेडवरून भांडणं ठरलेली. पांढरा म्हटलं तरी पांढऱ्याचे शंभर प्रकार. म्हणून मजलिसची ऑर्डर पक्की झाली तेव्हा आम्ही नेहमीची पद्धत पाळली. ट्रायलची एक टाइल घरमालकांनी पसंत केली, तिच्या पाठीवर सही केली, आणि ती टाइल मधोमध कापली. अर्धी आमच्याकडे, अर्धी फोशानला. पुढे कधीही माल लागला तर आपापल्या अर्ध्या तुकड्याशी ताडून बघायचा. पहिला माल उन्हाळ्यात आला, बसला, सगळे खूश. मग घरमालकांच्या मनात आलं की भिंत पाडून मजलिस दुप्पट करू या, आणि तोच माल पुन्हा मागवला.

तेव्हा दसऱ्याचे दिवस होते. बाबांचं ऑपरेशन होतं म्हणून मी महिनाभर चिंचवडला. माझ्यामागे, दसरा झाल्यावर, फोशानहून नवी नमुन्याची टाइल आली. तिने कळवलं होतं, की माझ्या अर्ध्याशी तंतोतंत जुळतेय. साहेबांनी ती आपल्या केबिनमध्ये आपल्या अर्ध्या तुकड्याशेजारी धरली आणि तिला उलट कळवलं, की फार पांढरी आहे, थोडी ऊब आणा. रंगाला डोळा लागतो, आणि तो डोळा अख्ख्या कंपनीत फक्त आपल्यालाच आहे, अशी त्यांची पक्की समजूत. जुन्या फरशीशी ताडायला हवं होतं म्हणावं, तर ती भिंतीच्या तोडफोडीमुळे प्लायवूडखाली झाकलेली, आणि शिल्लक बॉक्स एकही नाही. तिने सांगितल्याप्रमाणे ऊब आणली. मी परत आले तेव्हा माल जहाजावर चढला होता. नवी फरशी बसली, प्लायवूड उचललं आणि रेघ उघडी पडली.

मजलिसमधली रेघ बघून आले त्या संध्याकाळी मी घरूनच तिला फोन लावला. ती कारखान्यात नव्हती, वडिलांच्या उशाशी बसली होती. मागून खोकला ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, तर बाई चिडली. म्हणाली, जिएजिए, मी माझा अर्धा तुकडा कपाटात कागदात गुंडाळून ठेवते, त्याला कोणाचा हात लागत नाही. तुमच्या साहेबांनी मागितली तीच शेड मी दिली. मी म्हटलं, साहेब म्हणतात तुझा तुकडाच बदललेला असणार. ती म्हणाली, मी तुला माझा तुकडा पाठवते. दोन्ही जोड आणि बघ.

मी तिला बजावलं, की मोठ्या साहेबांना न विचारता पाठवलास आणि वाटेत हरवला, तर तुझ्याकडे पुरावा म्हणून काही उरणार नाही. ती म्हणाली, तसंही माझं कोण ऐकतंय. आणि पाठवलासुद्धा.

मधले दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. साहेब रोज सकाळी पत्राचं विचारायचे आणि मी रोज नवं कारण सांगायची. बुधवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ विचारलं, की तुम्ही पगार कोणाचा घेता? मी म्हटलं तुमचा. मग सही कोणाची राखताय? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण मी गिळलं. घरी मिस्टरांची नोकरी सहा महिन्यांपूर्वी गेलेली. ते आणि मुलगी, दोघंही माझ्या व्हिसावर. म्हणजे माझी नोकरी गेली तर करामाचा फ्लॅट, मुलीची बारावी, सगळंच खलास. मिस्टर म्हणाले, सही करून टाक, ती तिकडे तिचं बघून घेईल. मुलगी मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, इफ यू साइन इट, डोंट टेल मी." एवढं बोलून आत गेली. मिस्टरांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

गुरुवारी पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं. साहेबांची सही आधीच झालेली. माझ्या सहीची जागा मोकळी. तोवर साडेदहा वाजले होते. कुरिअरवाल्याला मी सकाळपासून तीन फोन केले होते. तो दर वेळी म्हणत होता रस्त्यात आहे मॅडम, फाइव्ह मिनिट्स. त्याचं फाइव्ह मिनिट्स अकरा वाजून गेल्यावर आलं. मी गेटवरच पार्सल फोडलं. कागद, त्यात कापड, कापडात पुन्हा कागद, आणि आत तिची अर्धी टाइल. पाठीवर घरमालकांची अर्धी सही.

आमची अर्धी साहेबांच्या केबिनमध्ये असते, देव्हाऱ्याच्या फळीवर, गणपतीच्या शेजारी. साहेब तेव्हा फोनवर होते. मी ती सरळ उचलली आणि बाहेर यार्डात आले. केबिनमधला दिवा पिवळा आहे, त्यांना तो आवडतो. म्हणून मी रंग बघायचा तर नेहमी उन्हातच बघते. फोर्कलिफ्टच्या शेजारी एका रिकाम्या लाकडी पॅलेटवर मी दोन्ही तुकडे जोडले. कापलेल्या कडा खट्कन बसल्या, केसाचीही फट राहिली नाही. सहीसुद्धा पाठीवर पुरी झाली. आणि उलटून बघते तर एक अर्धी पांढरी, एक अर्धी पिवळट, मध्ये तीच रेघ. मजलिसमधली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला. तिचा तुकडा उन्हाळ्यातल्या पहिल्या मालासारखाच होता. बदलला होता तो आमचा. मी तो तिरका धरला, आणि मग मला दिसलं. कोपऱ्यात एक गोल होता, वाटीच्या बुडाएवढा, बाकीच्या अंगापेक्षा जरा गडद. मी नाकाशी नेला. हळद आणि तेल.

खंडेनवमी! आमच्याकडे ऑफिसात दरवर्षी खंडेनवमीला पूजा असते. टेप, लेव्हल, कटर, फोर्कलिफ्टची किल्ली, सगळं मांडतात. मी लहानपणापासून बाबांच्या लेथला हळदकुंकू वाहिलेलं पाहिलंय. लोखंडाला काय होतंय त्याने. पण टाइल म्हणजे लोखंड नव्हे. ट्रायलच्या टाइलला वरचं सीलिंग केलेलं नसतं, ती काहीही पिते. यंदा साहेबांनी या अर्ध्या टाइललाही पूजेत बसवलं असणार. हळदीच्या पाण्याने आंघोळ घातली असणार, तेलाचा हात फिरवला असणार, आणि वर निरांजन ठेवलं असणार. मी चिंचवडला होते. बाकीच्यांनी आरती म्हटली, पेढा खाल्ला आणि विसरून गेले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ते हे असं.

घड्याळात साडेअकरा होत आले होते. मी केबिनचं दार ढकललं आणि म्हणाले, "साहेब, जरा बाहेर या. उन्हात."

माझा चेहरा बघून त्यांनी फोन ठेवला. बाहेर आले, पॅलेटपाशी वाकले, दोन्ही तुकड्यांवरून अंगठा फिरवला. रंगाचा डोळा त्यांना खरंच आहे, ते मी कधी नाकारलं नाही. गोल दिसला तसे ते सरळ उभे राहिले आणि गेटकडे बघायला लागले. तिकडे बघतच म्हणाले, की मीच म्हटलं होतं सगळ्यांना, ही आपली लक्ष्मी, हिची पूजा व्हायला पाहिजे.

मला वाटलं संपलं. पण कुठलं संपायला! ते हळू आवाजात बोलायला लागले. त्यांचा कारखाना नाहीतरी हलतोय. त्या गडबडीत एक तक्रार जिरून जाईल. नवा माल ते देतीलच. आपण चूक कबूल केली तर घरमालकांच्या कानावर जाणार, मग बाजारात, मग सगळे हसणार, की याने फरशीला हळद लावली. तुम्ही सही करा ताई, बाकी माझ्यावर सोडा.

माझं डोकं फिरलं. व्हिसा, फ्लॅट, बारावी, सगळं त्या वेळी डोक्यातून गेलं. मी टेबलावरून पत्र आणलं, त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "मी सही करणार नाही. तुमची आहे तेवढी पुरे. पण ते पाठवायच्या आधी या टाइलवर हात ठेवा. लक्ष्मी म्हणून पुजलीत ना? मग तिच्यावर हात ठेवून सांगा, की चूक त्या बाईची आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता हा माणूस मला घरी बसवणार याची मला खात्री पटली. गोडाऊनमधली माणसं काम थांबवून उभी होती. साहेबांनी टाइलवर हात ठेवला नाही. पत्राची घडी केली, आणखी एक घडी केली आणि खिशात घातली. मग म्हणाले, "फोन लावा. व्हिडिओ. मीच बोलतो."

इथे एक अडचण होती, ती मला फोन लागल्यावर कळली. फोशानच्या मोठ्या साहेबांना इंग्रजी येत नाही. आमचं त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते ही बाईच चिनीत करून सांगायची. आत्ताही पडद्यावर दोघंच. मोठे साहेब टेबलापाशी आणि ती त्यांच्या खांद्यामागे उभी, हात एकमेकांत घट्ट धरून. आमचे साहेब इंग्रजीत म्हणाले, की चूक आमची झाली, आमच्या पूजेत टाइलला डाग लागला, तुमच्या बाईंचा काही दोष नाही. ती ते चिनीत करून सांगेना. मी म्हटलं, अगं सांग ना त्यांना. तिने सांगितलं. मोठ्या साहेबांनी तिच्याकडे वळून बघितलं आणि एकच वाक्य बोलले. तिचा चेहरा पडला.

मी विचारलं काय म्हणाले. ती म्हणाली, "ते म्हणतात, तुझ्यावरचा आरोप तूच पुसतेयस. दुबईवाल्यांनी खरंच हे सांगितलं कशावरून?"

बरोबरच होतं ते. तिच्या सुटकेचा निरोप तिच्याच तोंडून, विश्वास कोण ठेवणार? मी फोन दोन्ही तुकड्यांवर धरला. कडा जुळवून दाखवल्या, उलटून पुरी सही दाखवली. मोठे साहेब डोळे बारीक करून बघत होते आणि मान हलवत होते. तुकडा तुमचा पिवळा झाला हे दिसतंय, पण कशाने, ते त्यांना हवं होतं. उन्हाने, ॲसिडने, की टाइलच मुळात खराब भाजलेली? तशी असेल तर दोष पुन्हा तिच्याकडेच येत होता. हळद या शब्दावर तर ती स्वतःच अडखळली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. तिथे चार वाजत आले होते.

तेवढ्यात माझ्या शेजारून साहेब कुठे गेले ते मला कळलं नाही. वळून बघते तर ते केबिनमधून येत होते, अनवाणी, हातात देव्हाऱ्यातलं निरांजन. सकाळच्या पूजेचं, तेवतं. दुसऱ्या हाताचा आडोसा करून ते एकेक पाऊल टाकत यार्ड ओलांडत होते. वारा सुटला होता, धूळ उडत होती. माणसांनी न सांगता वाट दिली. एरवी मी म्हटलं असतं, साहेब, विझवून आणा की, नुसतं बूड दाखवायचंय. आत्ता मात्र त्यांना वाट करून देत मी बाजूला झाले.

ते पॅलेटपाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी निरांजन त्या गोलावर ठेवलं. बरोबर बसलं, ना बाहेर ना आत. मग त्यांनी ते उचललं, गोल दाखवला, पुन्हा ठेवलं. बोटाने निरांजनाकडे खूण केली आणि त्याच हाताची बोटं आपल्या छातीवर टेकवली.

मोठे साहेब खुर्चीतून पुढे झुकले होते, इतके की पडद्यावर नुसतं कपाळ आणि डोळे. मग ते मागे टेकले आणि बोलायला लागले. बरंच बोलले, हळूहळू, आमच्याकडे बघून नाही, तर तिच्याकडे बघून. तिने एकदा मान खाली घातली. एकदा हाताच्या पाठीने गाल पुसला. मी फोन धरून उभी होते. शेवटी माझ्याने राहवेना. मी विचारलं, "काय म्हणाले गं?"

ती म्हणाली, की जुन्या भट्टीतून निघणारा शेवटचा माल आमच्या मजलिसचा असेल, पांढरा, माझ्या अर्ध्याप्रमाणे. रमजानच्या आत पोहोचेल, नाहीच जमलं तर विमानाने पाठवतील. मग थांबली. म्हणाली, आणि मी त्यांच्याबरोबर नव्या जागी जातेय, वडिलांना घेऊन.

मी साहेबांना मराठीत सांगितलं. ते गुडघ्यांवरच होते. त्यांनी नुसती मान हलवली. मी फोन ठेवणार, एवढ्यात मोठे साहेब पुन्हा काहीतरी म्हणाले, अगदी थोडं, आणि बोट आमच्या पॅलेटकडे केलं.

"आणखी एक म्हणतायत," ती म्हणाली. "तो दिवा एवढ्यात विझू देऊ नका. इथली कारखान्याची भट्टी सोमवारी विझतेय."

हे मात्र मला साहेबांना मराठीत करून सांगावं लागलं नाही. त्यांना तेवढं इंग्रजी येतं. त्यांनी निरांजन दोन्ही हातांच्या ओंजळीत उचललं आणि वाऱ्याकडे पाठ करून, मागे मागे सरकत, ते केबिनकडे निघाले. मी पुढे जाऊन दार धरलं.